काठोकाठ चहा, हातभर वायर

कासमचाचा माझ्या आयुष्यात आले ते माझी पाटी पाडून. पेणच्या एसटी स्टँडच्या फाटकाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दिवशी मी कुणाचा तरी सातबारा उलटा छापून वर त्यालाच दोष देत होतो. तेवढ्यात रोह्याची गाडी फाटकात वळली आणि तिच्या खिडकीतून बाहेर आलेल्या एका लांब पांढऱ्या काठीनं माझी 'झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे अर्ज' ही पाटी खिळ्यावरून उचलून अलगद रस्त्यावर ठेवली. मी शिव्यांची जुळवाजुळव करत बाहेर आलो. गाडीतून आधी ती काठी उतरली, मग तिला छातीशी धरून सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ उतरले. डोक्याला जाळीची टोपी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि पेनच्या जागी खिशाला स्क्रू ड्रायव्हर. मागून कंडक्टर जाधव ओरडत होते.

"चाचा, ह्याचं लगेज लागंल!"

"लगेज कशाला? तुज्या तिकिटाच्या मशिनीपेक्षा हलका हाय ह्यो."

"पण हाय काय? टीव्हीचा अँटेना?"

"माणसाचा," चाचा म्हणाले आणि माझी पाटी उचलून पुन्हा लावायला लागले. लावता लावता त्यांनी माझा खिळा वाकडा असल्याबद्दल मला चार शब्द सुनावले, खिळा सरळ केला, दुकानात डोकावून काउंटरच्या टोकाची अडीच फूट मोकळी जागा बघितली आणि विचारलं, "मंगळवार-शनिवार इथं बसू का?" मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही.

चाचा रोह्याचे, नदीपलीकडच्या अष्टमीचे. आखातात पंचवीस एक वर्षं टगवर काढलेली, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या त्या बुटक्या दांडग्या बोटींवर. तिथं ते वायरमन होते आणि रेडिओही त्यांच्याकडेच होता. परत आल्यावर बरोबरीचे लोक बंगला बांधतात, रिक्षा घेतात, निवडणुकीला उभे राहतात. चाचांनी खाडीतल्या बोटींचे अँटेने हातात घेतले. बोटींवर रेडिओचे सेट आले होते, पण सेट म्हणजे सगळं झालं अशी समजूत होती. अँटेना म्हणजे वरचं शोभेचं काहीतरी. बोटवाले परवान्याच्या आणि डिझेलच्या अर्जांसाठी माझ्याकडे यायचे, म्हणून चाचांनी माझं दुकान गाठलं. मला ते पहिल्या दिवसापासून 'झेरॉक्स' म्हणत. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

धंद्याची त्यांची रीत अशी की मागितलेली वस्तू द्यायचीच नाही. कुणी येऊन म्हणालं, चाचा, आठ फुटी अँटेना पाहिजे, की चाचा विचारत, "बोट किती डोलते?" आता बोट किती डोलते हे कुठला मालक सांगणार? प्रत्येकाची बोट त्याच्या मते देवघरासारखी स्थिर. मग चाचा उठत, समोरच्या टपरीवरून काचेच्या ग्लासात काठोकाठ चहा भरून घेत आणि तो ग्लास माझ्या हातात देऊन म्हणत, "चल झेरॉक्स."

ही चाचांची तपासणी. बोट खाडीच्या मधोमध न्यायची. एखादा बार्ज, म्हणजे माल वाहणारं सपाट जहाज, जवळून जाऊ द्यायचा, म्हणजे त्याच्या लाटा येतात. बोटीच्या फळीवर एक कोरी चिठ्ठी ठेवायची, चिठ्ठीवर काठोकाठ भरलेला ग्लास, आणि कुणी काही बोलायचं नाही. लाटा गेल्या की ग्लास उचलायचा. निम्म्याहून जास्त सांडला तर या बोटीला तीनचा अँटेना, आणि हे तीन म्हणजे फूट नव्हेत, अँटेन्याचा जोर. थोडा सांडला तर सहाचा. काहीच सांडला नाही तर नऊचा. "पण काही सांडलं नाय तर समजायचं, बोट चिखलात रुतलेली हाय," असं चाचा वर सांगत. चिठ्ठीवर चहाचा डाग पडे. त्या डागाशेजारी बोटीचं नाव, मालकाचं नाव आणि 'किती सांडला' एवढं लिहून ती चिठ्ठी माझ्या दुकानातल्या तारेला खोचली जाई. माझ्या दुकानाला त्या काळात शिळ्या चहाचा वास येई आणि गिऱ्हाइकं मला विचारत, झेरॉक्सबरोबर टपरीही काढलीस का?

या सगळ्यात माझं काम काय, तर ग्लासावर लक्ष ठेवणं. आता मला पाण्याचा इतका तिटकारा की बादलीत पाणी हललं तरी मी खिडकीबाहेर बघतो. जवळजवळ प्रत्येक तपासणीत मी बोटीच्या कडेवरून वाकून पोट रिकामं केलेलं आहे. चाचांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट ते मालकाला समजावत, "बघ, चहा निम्मा सांडला आणि झेरॉक्स पूर्ण. तुला तीनच."

हा वेडेपणा आहे असं मलाही बरेच दिवस वाटत होतं. एकदा मी चिडून विचारलं, लोक मोठा मागतात, मोठा द्या, तुमचं काय जातं? चाचांनी माझ्या खणातली बॅटरी काढली आणि तिचा झोत बारीक केला. "हा नऊवाला. जोर मोठा, झोत बारीक. लांब जातो. आता हलव हात." मी हात हलवला. झोत एकदा छतावर, एकदा माझ्या चपलांवर. "डोलणाऱ्या बोटीवर ह्यो लावला तर बोललेलं एकदा देवाला ऐकू जाईल, एकदा माशांना. माणसाला नाय." मग झोत पसरट केला. "हा तीनवाला. लांब नाय जात, पण किती बी हलव, समोरच्यावर पडतोच." मी बॅटरी परत खणात ठेवली आणि त्यानंतर चहाबद्दल तक्रार केली नाही. पोटाबद्दल करत राहिलो.

आमच्याकडे प्लॉटचा धंदा करणारे एक भाऊ आहेत. भाऊ म्हटलं की पेणमध्ये सगळ्यांना कळतं, म्हणून नाव सांगत नाही. त्यांनी हौसेनं स्पीडबोट घेतली आणि तिच्यावर तालुक्यातला सगळ्यात उंच अँटेना पाहिजे असा हुकूम घेऊन माणूस पाठवला. चाचा चहा घेऊन गेले. भाऊ पांढऱ्या शुभ्र कपड्यांत स्वतः चालवायला बसले आणि बोट किती जोरात जाते हे दाखवायच्या नादात त्यांनी असा वेग घेतला की चहा ग्लासासकट त्यांच्या छातीवर आला. चिठ्ठी तर समुद्राकडे गेली.

"तीन," चाचा म्हणाले.

"माझ्या बोटीला तीन? त्या कोलंबीवाल्याला सहा आणि मला तीन?"

"त्याची बोट तुमच्यासारखी उडत नाय, भाऊ."

भाऊ ऐकेनात. शेवटी चाचांनी तोड काढली. बोटीला तीन, आणि नऊचा सगळ्यात उंच अँटेना भाऊंच्या बंगल्याच्या गच्चीवर. भाऊंना ते एकदम पटलं. तो अँटेना अजून तिथं आहे. त्याला खालून वायर नाही, काही नाही. पण भाऊंचं मंत्रालयाशी थेट कनेक्शन आहे असं लोक मानतात आणि भाऊ नाही म्हणत नाहीत.

एवढ्या उचापती हा माणूस का करतो, हे चाचांनी मला एकदाच सांगितलं. धक्क्यावर बसलो होतो, माझं पोट नुकतंच रिकामं झालं होतं, आणि मी वैतागून म्हणालो होतो की इथं दोन तास खाडीत घालवून काय मिळतं तुम्हाला. चाचांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून हातात घेतला.

"टगवर व्हतो. दुपारची वेळ. सोळा नंबरवर एक आवाज आला. तुटक तुटक. एक शब्द यायचा, चार जायचे. कुठं हायेस विचारलं. तो सांगायचा, पण पोचायचं नाय. तीनदा सांगितलं त्यानं. मग नुसती खरखर. आमी तासभर फिरलो, पण फिरणार कुठं? दर्या केवढा." सोळा नंबर म्हणजे रेडिओवरचा अडचणीतल्या माणसानं हाक मारायचा चॅनेल. "तो शेवटपर्यंत बोलत असणार, झेरॉक्स. त्यानं बोलायचं सोडलं नसंल. त्याचा जॉइंट गंजला असंल, बस."

पुढं त्या माणसाचं काय झालं ते चाचांना कधी कळलं नाही.

तेव्हापासून मला त्यांच्या बाकीच्या खोडी निमूट सहन होऊ लागल्या. अँटेन्याला दर शनिवारी गोड्या पाण्यानं अंघोळ घालायची, नाहीतर मीठ बसतं. वायर जिथं अँटेन्याला जोडली जाते तो जॉइंट रबराच्या टेपनं गुंडाळायचा, आणि वायरला खाली एक वळसा द्यायचा म्हणजे पाणी वळशावरून ठिबकून जातं, जॉइंटमध्ये शिरत नाही. वर्षातून दोनदा, हंगामाच्या आधी आणि पावसानंतर दसऱ्याच्या सुमाराला, प्रत्येक बोटीवर चढायचं, जॉइंट उघडायचा, हिरवा गंज दिसला तर कापून नवा करायचा, आणि चहा पुन्हा ठेवायचा. चहा पुन्हा कशाला? तर म्हणे वर्षभरात बोट बदलते, इंजिन बदलतं, मालकाचं पोट वाढतं. मग रेडिओवर तपासणी, तीही सोळावर नाही, दुसऱ्या चॅनेलवर. नुसतं हॅलो हॅलो चालत नसे. बोटीचं नाव, कुठं आहे, किती माणसं, आणि आज कालवण कशाचं, एवढं सगळं सांगायला लागे. धक्क्यावर चाचा कानाला सेट लावून विचारत, "आवाज पोचला. बोल, रस्सा का सुकं?" कालवणापर्यंत ऐकू आलं की बोट पास.

अंघोळीचं फर्मान ऐकून बोटवाल्या हिराजीची बायको मंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "चाचा, घरच्या मानसाला आठवड्यातून एकदा पानी दावताना माजा जीव जातो, त्या काठीला कुठं घालू?"

"काठीला घाल गो. घरचा माणूस मग घरी येत राहील," चाचा म्हणाले.

मंदा पेणच्या मासळी बाजारात बसते. हिराजीची बोट 'दर्याराणी'. आणि हिराजीच्या घरच्या वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या मांडवावर, चाचांची एक वायर होती. ती तिथं कशी गेली ते सांगायला हवं.

चाचा प्रत्येक बोटीला एक जादा वायर देत. एका टोकाला सेटमध्ये बसणारा जॉइंट, त्यावर रबराचं टोपण. दुसऱ्या टोकाला वरचं कातडं आणि जाळी सोलून आतली तार हातभर मोकळी केलेली. मोठा अँटेना मोडला, बिघडला, तर ही वायर सेटला लावायची आणि मोकळी तार बांबूला बांधून उभी करायची. "सोळा नंबरची लाट चार हातांची," चाचा सांगत, "तिचा चौथा हिस्सा म्हणजे हातभर. माप घरी विसरलं म्हणायची सोय नाय." हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. यापायी चाचा येईल त्याचा हात निरखत. एका लग्नात नवरदेवाशी हस्तांदोलन करता करता त्यांनी त्याचा कोपर दुसऱ्या हातानं चाचपला आणि "बरोबर हाय, घे सून," असं मुलीच्या बापाला सांगितलं. बाप मुलीचा होता, सून कुणाची, हे त्यांना कुणी समजावलं नाही. माझा हात दोन बोटं कमी भरला. तेव्हापासून मला वायर सोलायची परवानगी नव्हती.

पण जादा वायर म्हणजे कोकणात वाया कशी जाईल? एकानं त्या वायरनं बकरी बांधली. एकानं मुंडावळ्या सोडून लग्नात बाकी सगळं तिनं बांधलं. मंदानं ती वलांडीवर ताणली, कारण सुतळी पावसात कुजली होती आणि ही कुजत नाही. तिच्यावर जबड्यात जबडा अडकवून बोंबील झुलू लागले. चाचांनी ते पाहिलं. मला वाटलं आता स्फोट होणार. चाचा जवळ गेले, टोपण जागेवर आहे की नाही बघितलं, शेवटची हातभर तार मोकळी आहे का बघितलं आणि म्हणाले, "वाळव. पण ह्या हातभरावर एक पण बोंबील नको."

मागच्या पावसाळ्यानंतर चाचांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी बोटीवर चढायचं नाही असं बजावलं. दसऱ्याच्या आधीची तपासणी तोंडावर आलेली. चाचांनी रोह्याहून फोन केला. "झेरॉक्स, औंदा तू कर. जॉइंट बघ, टेप बघ, चहा ठेव. चिठ्ठ्या जाधवांच्या गाडीनं पाठव." मी हो म्हणालो. सात बोटी केल्या. सात वेळा चढलो, सात वेळा ओकलो. आठवी दर्याराणी.

दर्याराणी नवरात्रात किनाऱ्यावर ओढून रंगवली होती आणि रंगवली होती कुणी, तर हिराजीचा मेव्हणा गजा यानं. गजा आमच्या पेणचा, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर. हात असा की मूर्ती बघणाऱ्याला वाटावं, आता ही आपल्याला नावानं हाक मारणार. गणपती गेले होते, गजा मोकळा होता आणि त्याच्याकडे सोनेरी रंग उरला होता. उरलेला सोनेरी रंग घेऊन पेणच्या कलाकाराला मोकळं सोडणं बरं नव्हे. त्यानं बोटीच्या नाकाडावर डोळे काढले, ते ठीक. डोलकाठी सोनेरी केली, तेही ठीक. मग त्यानं चाचांचा पांढरा अँटेना बघितला. सगळ्यात उंच वस्तू आणि अगदी कोरी! त्यानं तो आटे फिरवून काढला, कारखान्यात नेला, मूर्तींच्या पाटावर आडवा ठेवून सोनेरी रंगाचे तीन हात दिले, वर जरीची झालर गुंडाळली, टोकाखाली दोन सुंदर डोळे काढले आणि परत आणून हातानं पिळून बसवला. जॉइंटवरची रबराची टेप त्याला कळकट वाटली, ती त्यानं टाकून दिली. हे सगळं नंतर कळलं.

मी धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पाण्यात होती, ओहोटीच्या पाण्यावर डुलत होती. हातात काठोकाठ चहा. सकाळपासूनचं पोट जागेवर नव्हतं. वर तो सोनेरी अँटेना उन्हात झगमगत होता आणि माझ्याकडे बघत होता. खरंच बघत होता, गजाचे डोळे ते. हिराजी अभिमानानं म्हणाला, "कसा वाटतो?"

"झकास," मी म्हणालो. चहा तिथंच उभ्यानं पिऊन टाकला. बोटीवर पाय ठेवला नाही. चिठ्ठीवर लिहिलं: दर्याराणी, हिराजी, चहा निम्मा सांडला, ठीक. संध्याकाळी आठही चिठ्ठ्या जाधवांच्या हाती दिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला दर्याराणी गेली.

दुपारी मंदा माझ्या दुकानात आली. माशांची पाटी तिनं बाजारातच सोडली होती. बाकीच्या बोटी परत फिरल्या होत्या, दर्याराणी कुणाला दिसली नव्हती. मोबाईल लागत नव्हता आणि रेडिओवर कुणाला तिचा आवाज आला नव्हता. धक्क्यावरून माणसं तिला सोळावर हाका मारत होती. मंदा माझ्या स्टुलावर बसली.

"सकाली बोट गेली. जाताना माजे वालत घातलेले बोंबील दोरीसकट उचलून घेऊन गेला. येडा झालाय का मानूस? आता बोलत पन नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "रेडिव नीट हाय ना रं, दादा? तू चढला व्हतास ना काल बोटीवर?"

"हो," मी म्हणालो.

एवढं सोपं होतं ते. एक अक्षर. त्यानंतर दोन तास ती बाई माझ्या त्या अक्षराच्या भरवशावर माझ्या दुकानात बसली होती आणि मी एका अर्जाच्या झेरॉक्स काढत होतो. किती काढल्या माहीत नाही. मशीन बंद करायचा मला धीर होत नव्हता, कारण मग ती पुन्हा काहीतरी विचारेल. चाचांना फोन करायलाही धीर झाला नाही. मला सारखा तो आखातातला माणूस ऐकू येत होता, ज्याला मी कधी ऐकलंच नव्हतं.

उन्हं कलता कलता फोन आला. बोट सापडली होती. तिघेही धड होते.

झालं होतं असं. जाळ्याचा दोर पंख्यात अडकून इंजिन बंद पडलं आणि ओहोटीनं बोट बार्जच्या वाटेत ओढली. हिराजी सेटवर ओरडत होता. पण गजानं हातानं पिळलेल्या जॉइंटमध्ये खारं पाणी शिरलं होतं, वर धातूची भुकटी असलेल्या सोनेरी रंगाचं चिलखत, आणि आवाज बोटीबाहेर पडतच नव्हता. समोरून कोळशाचा बार्ज सरळ त्यांच्यावर येत होता आणि त्यातल्या कुणाला काही ऐकू येत नव्हतं. मग हिराजीनं बोंबलांची वायर ओढली. टोपण काढून सेटला लावली, मोकळी हातभर तार बांबूला बांधून उभी केली. बोंबील काढायला वेळ नव्हता. नाव सांगितलं, जागा सांगितली, माणसं तीन सांगितली, आणि घाबरल्या तोंडून सवयीनं कालवणही सांगून टाकलं. बार्जवाला लगेच उत्तरला, वळला आणि थांबला. दर्याराणी ओढून आणली तेव्हा डोलकाठीपासून सेटपर्यंत बोंबील लटकत होते. धक्क्यावर सगळे रडत हसत होते. मंदानं आधी नवऱ्याला मिठी मारली आणि मग बोंबील मोजले.

चाचा दुसऱ्या दिवशी काठी टेकत आले. बोटीवर चढले नाहीत. हिराजीनं अँटेना खाली आणून दिला. चाचांनी जॉइंट उघडला, आतून पाणी निथळलं. मग ते त्या दोन डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

"गजा, डोळे एक नंबर काढलेस," ते म्हणाले. "पण आंधळा चालला असता रे. मुका केलास त्याला."

गजा लहान मुलासारखा रडला. मला चाचांनी काहीच विचारलं नाही. मी त्यांच्या नजरेसमोरून सरकून वलांडीच्या बांबूंमागे उभा होतो. गावात कुणी देवीला श्रेय दिलं, कुणी बोंबलांना. मीही देवीला दिलं, कारण नशिबानंच ती वायर बोटीवर होती असं माझं मत होतं. नशीब म्हटलं की माझ्याकडे कुणी बघणार नव्हतं.

त्यानंतर चाचा फार आले नाहीत. मस्कतच्या मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी फोन आला. "रोह्याहून सकाळची पॅसेंजर धरतोय. पेणला दोन मिनिटं थांबते. काठोकाठ चहा घेऊन ये. काचेच्या ग्लासात, कागदी नको."

पेण स्टेशनच्या फलाटावर काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते मी सांगत बसत नाही. गाडी आली. चाचा खिडकीत होते, तीच इस्त्री, खिशाला तोच स्क्रू ड्रायव्हर. मी खिडकीच्या गजांतून ग्लास आत दिला. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली, खिडकीच्या कडेवर ठेवली आणि तिच्यावर ग्लास ठेवला. अक्षर माझं होतं. दर्याराणी, हिराजी, चहा निम्मा सांडला, ठीक.

"सात चिठ्ठ्यांवर डाग व्हता," चाचा म्हणाले. "ही कोरी करकरीत."

मी खिडकीचा गज धरला.

"जाधवांनी संध्याकाळी हातात दिली, तवाच हिराजीला फोन लावला. म्हटलं, उद्या जाऊ नको. म्हणला, भरती काय तुमी थांबवणार? म्हटलं, बरं, बोंबलांची वायर तरी घे. म्हणला, बोंबील ओले हायेत. म्हटलं, बोंबलांसकट घे."

"चाचा, मी…"

"तेव्हा बोललो असतो तर तू पुन्हा धक्क्यावर आला नसतास. आणि आता माझे गुडघे नायत. बोटींवर चढणार कोण?" ते खिडकीजवळ वाकले. "मंदाला मी काय बोललो नाय. ते तुझं काम."

गाडीनं हिसका दिला. ग्लास डचमळला आणि चहा चिठ्ठीवर पसरला. चाचांनी ग्लास उचलून उजेडात धरला, किती उरला ते नीट बघितलं आणि ओली चिठ्ठी गजांतून माझ्या हातात दिली.

"आता झाली खरी."

गाडी चालू लागली. मी दोन पावलं बरोबर गेलो आणि थांबलो. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. मला वाटलं निरोपाचा हलवतील. तो हलला नाही. तीन बोटं वर करून ते दाखवत राहिले, गाडी वळेपर्यंत. पॅसेंजरला तीनचाच अँटेना लागणार होता.

चिठ्ठी मी हवेत धरून थोडी वाळवली. मग दुकान उघडायच्या आधी मासळी बाजाराकडे वळलो. मंदा सकाळी लवकर येऊन बसते.